कर्णिकबाईंचा केशरी परकर

मे महिन्यातला शेवटचा रविवार, सकाळचे सव्वाअकरा. एकूण वजन तीनशे चार किलो. हजर: मी, माझी पत्नी सुनंदा, एक हमाल, आमचं कपडे धुण्याचं मशीन आणि कर्णिकबाई. नवीन पनवेलच्या सात मजली इमारतीत आम्ही राहायला आलो तो दिवस मला या आकड्यासकट आठवतो, कारण तो आकडा काढल्याशिवाय कर्णिकबाईंनी लिफ्टचं दार लावू दिलं नाही.

“वजन?” त्यांनी सुनंदाला विचारलं. नाव नाही, गाव नाही, थेट वजन.

“असेल साठच्या आसपास.”

“आसपास म्हणजे कुठल्या बाजूला?”

“एकसष्ट,” सुनंदा म्हणाली. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. हा आकडा मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला.

मी बहात्तर सांगितले. हमाल म्हणाला, “अठ्ठावन्न. जेवल्यावर एकोणसाठ.” बाईंनी त्याला तो जेवला आहे का ते विचारलं. तो नाही म्हणाला, तेव्हा त्यांनी अठ्ठावन्न धरले. मशीनच्या पाठीमागची पट्टी वाचून सहासष्ट. स्वतःचे सत्तेचाळीस. मग त्यांनी मशीन मध्यभागी मागे सरकवायला लावलं, मला डावीकडे उभं केलं, हमालाला उजवीकडे, सुनंदाला दारापाशी. लिफ्टमधल्या पाटीवर ‘सहा माणसे किंवा ४०८ किलो’ असं लिहिलेलं आहे. “माणसं हा आकडा नाही,” त्या म्हणाल्या. “किलो हा आकडा आहे. एकशे चार शिल्लक. चला.”

मी एका कंपनीच्या भांडार विभागात नोकरी करतो. मोजमापाची मला आवड आहे, पण लिफ्टमधल्या माणसांचा तोल सांभाळणारी व्यक्ती मी तोवर पाहिली नव्हती. वर गेल्यावर सुनंदा म्हणाली, “बाई वेड्या आहेत का हो?” मी म्हटलं, “बेरीज बरोबर होती.”

विमल कर्णिक सातव्या मजल्यावर एकट्या राहत. तरुणपणी त्या विमान चालवत. औषध फवारणीचं विमान: एक इंजिन, एक आसन, पोटात औषधाची टाकी. खानदेश आणि विदर्भातल्या कपाशीवर त्यांनी बारा वर्षं फवारणी केली. आपल्याकडे हे काम करणारी ती पहिली बाई, असं त्यांच्याबद्दल बोललं जाई. मी एकदा पुरावा विचारला. “पहिली की दुसरी मला ठाऊक नाही,” त्या म्हणाल्या. “तेव्हा मोजायला कोणी नव्हतं. माझे तास मात्र आहेत.” त्यांनी उड्डाणांची वही दाखवली. दोन हजार नऊशे चौदा तास. मी दोनदा बेरीज केली, बरोबर आली.

मोठ्या विमानांच्या कंपनीने त्यांना घेतलं नव्हतं. उंची दोन इंच कमी पडली. फवारणीच्या कामाला उंचीची अट नव्हती. “बरोबरच आहे,” त्या म्हणायच्या, “विमानच उंच जाणार नव्हतं.” कपाशीच्या वर दोन पुरुष, म्हणजे दहा-बारा फुटांवरून ते विमान चालवायचं. शेताच्या टोकाला विजेच्या तारा आल्या की त्यांच्यावरून उडी, की पुन्हा खाली. आसनावर दोन उशा ठेवल्याशिवाय त्यांना समोरचं दिसत नसे. “लोक मला विचारतात, आकाशातून पृथ्वी कशी दिसते. मला काय माहीत? मला बोंडं दिसायची.”

त्यांची दोन वाक्यं आमच्या इमारतीत सगळ्यांना पाठ आहेत. कोणी “खूप उकडतंय” म्हटलं की “आकडा सांगा, विशेषण नको.” आणि दुसरं, “वारा गृहीत धरायचा नाही.”

हे दुसरं वाक्य त्यांच्यासोबत गच्चीवर राहत असे. पाण्याच्या टाकीशेजारी त्यांनी स्वखर्चाने एक लोखंडी खांब उभारला होता आणि त्यावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी लावली होती. धावपट्टीशेजारी असते तशी, रुंद तोंडातून वारा घेऊन निमुळत्या शेपटातून सोडणारी. फक्त ही नळी म्हणजे त्यांचा केशरी परकर होता. घेराच्या बाजूने तारेचं कडं, कमरेची बाजू मोकळी. वारा पडला की परकर खांबाला चिकटून उभा राही. वारा आला की आडवा होई आणि सात मजले खालून, रस्त्यावरून, थेट परकरच दिसे.

त्याचा उपयोगही होता. उत्तरेचा वारा सुटला की तळोज्याच्या बाजूने एक उग्र वास येतो. कुठून येतो ते कधीच ठरत नाही, पण डोळे चुरचुरतात, दुधाला चव लागते, धुतलेले कपडे पुन्हा धुवावे लागतात. कर्णिकबाईंचा नियम सोपा होता. परकराचं शेपूट पूर्वेला माथेरानकडे असेल तर खिडक्या उघड्या. शेपूट दक्षिणेला कोन गावाकडे वळलं तर बंद. इमारतीतल्या बायकांनी फोनवर गट केला होता. त्यावर कर्णिकबाई दोनच शब्द टाकत, “शेपूट कोन.” लगेच अठ्ठावीस घरांपैकी निदान वीस घरांच्या खिडक्या धडाधड लागत. पुरुष मंडळी कामावर असल्यामुळे आम्हाला यातलं फारसं ठाऊक नव्हतं.

आता माझ्या चुकीबद्दल. आम्ही आल्यानंतर वर्षभरात मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो आणि सभासदांचे जुने अर्ज संगणकावर उतरवून काढले. ‘व्यवसाय’ या रकान्यात कर्णिकबाईंपुढे मी ‘विमा’ असं लिहिलं. परिणामी नव्याने आलेली कुटुंबं त्यांना विमा एजंट समजू लागली. इंजिनाच्या आवाजाने बाईंना कमी ऐकू येत असे, त्यामुळे हा गैरसमज पाच वर्षं टिकला. तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांनी त्यांना विचारलेलं मी स्वतः ऐकलं आहे.

“मावशी, विमा घ्यायचा तर किती वर्षांचा घ्यावा?”

“जुनं घेऊ नये. घेतलंच तर इंजिन उघडून बघावं.”

कुलकर्णी घुटमळले. “आणि मध्येच बंद पडला तर?”

“तर घाबरायचं नाही. जवळचं मोकळं शेत बघायचं.”

कुलकर्ण्यांनी त्यानंतर जमिनीत पैसे गुंतवले. चौक गावाजवळ एक गुंठा घेतला. बाईंचा सल्ला खोल असतो, असं ते अजून सांगतात.

प्रकरण उभं राहिलं ते भोईरांच्या मुलाच्या लग्नावरून. महादू भोईर हे आमचे अध्यक्ष. मूळ इथलेच, जमीन विमानतळात गेली, इमारतीत तीन फ्लॅट. मुलाची हळद गच्चीवर करायची ठरली. हळद म्हणजे चारशे माणूस, मांडव, बेंजो, मटण. भोईरांनी खालून गच्चीकडे पाहिलं आणि त्यांना मांडवाच्या बरोबर वर तो परकर दिसला. त्यांनी सभेपुढे विषय ठेवला: गच्चीवर कपडे वाळत घालण्यास मनाई आहे, सबब परकर उतरवावा.

सभेला तेवीस सभासद हजर होते. सभासद म्हणजे बहुतेक नवरेच. बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

“बाय, तुमच्यावर आमचा राग नाय,” भोईर म्हणाले. “पन पाव्हनं येतील. मांडवावर परकर बगून ते काय म्हंतील?”

“वारा कुठून आहे ते म्हणतील.”

“नियम हाय ना. कपडे वाळत घालायचे नाय.”

“तो वाळत घातलेला नाही. वाळत घालायला कपडा आधी ओला असावा लागतो.”

सभा या मुद्द्यावर थांबली. मी इतिवृत्तात लिहिलं: ‘परकर ओला आहे काय, यावर चर्चा.’ भोईरांनी थोडा विचार केला. “पावसात भिजला का नाय? मंग तवापासून वाळतोच हाय.”

टाळ्या पडल्या. कुलकर्णी उठले आणि म्हणाले की आता नवं विमानतळ झालं आहे, विमानं डोक्यावरून जातात, एखाद्या वैमानिकाने परकर पाहून इथेच उतरायचं ठरवलं तर जबाबदारी कोणाची?

“सात मजली इमारतीवर उतरायला निघालेला वैमानिक असेल,” बाई म्हणाल्या, “तर माझा परकर ही त्याची सगळ्यात लहान अडचण आहे.” मग त्या उभ्या राहिल्या. “हे उपकरण आहे. मी बारा वर्षं विमान चालवलं आहे. याच्याशिवाय मी एक दिवस राहत नाही. बाकी काहीही काढा. खांब रंगवा, मांडव वर घ्या, मला हळदीला बोलावू नका. हे काढू नका.”

इतकं सलग त्या कधी बोलत नसत. तेवढ्यात भोईरांनी माझ्यापुढचा नोंदीचा कागद ओढला, बोट ठेवलं आणि वाचलं, “व्यवसाय, विमा.” त्यांनी वर पाहिलं. “देवधर, हितं विमा लिवलंय. विम्याला वाऱ्याचं काय काम?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. उड्डाणांची वही मी डोळ्यांनी पाहिली होती. तिची बेरीजही मीच केली होती. पण सभेत मी सेक्रेटरी होतो, आणि सेक्रेटरीने नोंदीला धरून चालायचं अशी माझी समजूत होती. मी म्हणालो, “नोंद विमा अशीच आहे.” परकर उतरवण्याच्या बाजूने बारा मतं पडली, विरुद्ध अकरा. बारावं माझं.

घरी सुनंदाने दार उघडतानाच विचारलं, “अहो, मत कुणाला दिलंत?” मी नियमाला दिलं म्हणालो. “नियमाला दमा नाही,” ती म्हणाली. “मला आहे.” आणि आत निघून गेली.

मी कपाटातून बाईंचा मूळ अर्ज काढला. व्यवसायाचा रकाना अरुंद होता. बाईंनी मोठ्या, ठसठशीत अक्षरात ‘विमा’ लिहिलं होतं, जागा संपली होती, आणि खालच्या ओळीच्या सुरुवातीला एकटा ‘न’ होता. पुढे ‘चालक’. खालच्या ओळीचं शीर्षक होतं ‘वाहन’. मी ते ‘वाहन: न चालक’, म्हणजे या बाई वाहन चालवत नाहीत, असं समजून पार्किंगच्या यादीतून त्यांचं नाव वगळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अर्ज घेऊन सातव्या मजल्यावर गेलो आणि सगळं सांगितलं. बाईंनी कागद डोळ्यांजवळ धरला.

“म्हणजे कुलकर्णी विमा विचारत होते?”

“हो.”

त्या इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग मी म्हणालो की खास सभा बोलावून मी चूक दुरुस्त करतो, पण नोटीस चौदा दिवसांची लागते आणि हळद नऊ दिवसांवर आहे. त्या हसायच्या थांबल्या.

“तुमची एका अक्षराची चूक आहे, देवधर. मी दिशेची केली होती.”

खानदेशातली गोष्ट. धावपट्टीवरची कापडी नळी फाटली होती. नवी मंजूर व्हायला कंपनीच्या कार्यालयाला दीड महिना लागणार होता. फवारणी थांबवायची नाही असा हुकूम. त्या सकाळी बाईंनी गावातल्या एका चुलीचा धूर पाहून वारा ठरवला. धूर झाडांच्या आडोशाला होता, शेत उघड्यावर होतं. शेजारच्या शेतात अकरा बायका निंदणी करत होत्या. “मी वळले तेव्हा त्या दिसल्या. पदर तोंडाला लावून धावत होत्या. मला वाटलं आवाजाला घाबरल्या.” आठ दिवस त्या अकराजणी सरकारी दवाखान्यात होत्या आणि बाई बाहेर व्हरांड्यात. सगळ्या घरी परतल्या. एकीची नजर अधू झाली ती तशीच राहिली. तिचं नाव पार्वता. नवव्या दिवशी बाईंनी स्वतःचा परकर फाडला, घेरात तार घातली आणि धावपट्टीवर टांगला. “कार्यालयातून तार आली, परकर शोभत नाही, काढा. मी उलट तार केली, कापड पाठवा, काढते. त्यांनी कापड पाठवलं नाही. मी काढला नाही.”

ठराव झाला होता. हळदीच्या सकाळी वॉचमनने परकर उतरवून, घडी करून बाईंच्या हातात दिला.

संध्याकाळी सहा वाजता आम्ही गच्चीवर पोहोचलो तेव्हा मांडव भरलेला होता. पिवळ्याजर्द बायका, बेंजोचा दणका, भोईर बनियनवर, तोंडाला हळद. आणि टाकीशेजारी, खांबाच्या जागी, कर्णिकबाई. जळमटं काढायच्या बांबूला परकर बांधून त्यांनी तो दोन्ही हातांनी उंच धरला होता. ठराव खांबावरच्या परकराबद्दल होता, हातातल्या नव्हे. मी तो पुन्हा वाचून खात्री केली होती आणि आदल्या दिवशी तसं त्यांना सांगितलंही होतं. त्या प्रकरणात माझ्या हातून झालेली ही एकच बरी गोष्ट. पाहुण्यांना वाटलं ही काहीतरी जुनी रीत आहे. दोन म्हाताऱ्यांनी येऊन बाईंना हळद लावली आणि परकरालाही लावली.

साडेसहाला बाईंनी भोईरांना हाक मारली. “पश्चिमेचा वारा पडला. शेपूट वळायला लागलंय. पावणेआठला वास येईल. जेवण खाली, दक्षिणेच्या पार्किंगमध्ये न्या.”

“बाय, विम्याचा हप्ता हाय का? येळ सांगून यायला!” भोईर हसले. भोवतालचे हसले.

भोईरांची बायको मात्र हसली नाही. तिने परकराकडे पाहिलं, मग कोनच्या दिशेने पाहिलं, आणि जावांना म्हणाली, “टोप उचला गो.” सहा बायकांनी मटणाचे टोप जिन्याने खाली नेले. भोईर मागून ओरडत राहिले, “आरं, मी मालक हाय का कोन हाय?”

सात वाजून चाळीस मिनिटांनी वास आला. पाच मिनिटं आधी. ही तफावत बाईंना नंतर बरेच दिवस खात होती. बेंजोवाला खोकत थांबला. चारशे माणसं जिन्याकडे वळली. ज्यांना जिना उतरता येत नव्हता त्यांच्यासाठी बाई एका हातात बांबू घेऊन लिफ्टच्या दारात उभ्या राहिल्या आणि पिवळ्या चेहऱ्यांना एकच प्रश्न विचारत राहिल्या, “वजन?” सात फेऱ्यांत चौतीस माणसं उतरली. लिफ्ट एकदाही अडकली नाही. नवरदेवाची आत्या पंच्याऐंशी म्हणाली, बाईंनी नुसतं पाहिलं, तेव्हा ती अठ्ठ्याण्णव म्हणाली. खाली दक्षिणेच्या पार्किंगमध्ये हवा स्वच्छ होती, जेवण गरम होतं, आणि लोक म्हणत होते की भोईरांनी व्यवस्था चोख ठेवली.

शेवटी वर भोईर, बाई आणि मी राहिलो. भोईरांचे डोळे लाल झाले होते. त्यांनी बाईंच्या हातातला बांबू घेतला, परकर सोडवला, शिडी लावली आणि खांबावर चढायला लागले.

मी म्हणालो, “अध्यक्ष, ठराव अजून रद्द झालेला नाही.”

“ठराव सवडीनं लिवा,” ते वरून म्हणाले. “आधी परकर लावतो.”

त्यानंतर सव्वा वर्ष बाई होत्या. वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, तीन दिवसांच्या तापाने गेल्या. दवाखान्यात मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं हवेत धरली होती. नर्सला वाटलं त्या काही मागत आहेत. त्या पंख्याचा वारा कुठून येतो ते बघत होत्या. मला म्हणाल्या, “दर चार महिन्यांनी कापड बदला. ऊन खातं.”

शोकसभेत कुलकर्ण्यांनी सुचवलं की आदर म्हणून परकर आठवडाभर अर्ध्यावर आणावा. भोईर खुर्चीतून उठलेच. “अर्द्यावर आनला तर टाकीचा आडोसा येल. वारा खोटा दिसंल. बायला ते चाललं असतं का?” परकर वरच राहिला. हा ठराव एकमताने झाला.

चार महिन्यांनी कापड विरलं. नवी नळी सोसायटीच्या खर्चातून करावी असं मी सभेपुढे मांडलं, मंजुरीही मिळाली. पण त्याआधीच भोईरबाई स्वतःचा हिरवा परकर घेऊन नाक्यावरच्या शिंप्याकडे गेल्या होत्या. पिशव्या धरायला सुनंदा सोबत होती, तिनेच मला सांगितलं. घेरात तारेचं कडं बसवायची शिलाई नव्वद रुपये ठरली. भोईरबाईंनी ते रोख, शिंप्याच्या हातात दिले आणि सोसायटीकडून परत घ्यायला नकार दिला. कापड उलटसुलट करून शिंप्याने विचारलं, “ताई, नाडी घालून देऊ का?”

“नको रं दादा,” भोईरबाई म्हणाल्या. “वारा भायेर कुठून जानार मंग?”